प्रश्न तुमचे: मेंदूची गाठ, दोन रिपोर्ट आणि मेणाचा ब्लॉक

प्रश्न : माझ्या ३८ वर्षांच्या भावाला फिट आली, मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चालू असतानाच ‘लो ग्रेड ग्लायोमा’, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची हळू वाढणारी गाठ, असं कळलं होतं. दहा दिवसांनी आलेल्या रिपोर्टात मात्र ‘आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह, एटीआरएक्स लॉस, सिक्वेन्सिंग करावे’ असं आहे. ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मुंबईला पाठवा म्हणतात. पहिला रिपोर्ट चुकला का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चुकला नाही, त्याचं काम वेगळं होतं. ऑपरेशन चालू असताना तुकडा काचेवर चिरडून किंवा गोठवून वीसेक मिनिटांत बघतात. तुकडा गाठीचाच आहे ना आणि गाठ साधारण कुठल्या जातीची, एवढंच सर्जनला तेव्हा हवं असतं. गोठवताना बर्फाचे कण होऊन पेशी वेड्यावाकड्या दिसतात, शिवाय तुकडा छोटा. त्यावरची ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक ते, कच्चीच धरायची.

पक्कं नाव आता जनुकं बघून देतात; जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं वर्गीकरण त्यावरच उभं आहे. ग्लायोमात आयडीएच या जनुकात बदल असेल तर दहात नऊ वेळा तो आर१३२एच या प्रकारचा असतो आणि इम्युनोच्या (ठरावीक प्रथिन ओळखणाऱ्या तपासणीच्या) रंगात दिसतो. बाकीचे बदल त्या रंगाला दिसतच नाहीत. त्यामुळे इथं ‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘बदल नाही’ असं नव्हे. वय ५५ च्या आत, त्यात एटीआरएक्स हे प्रथिन गेलेलं, म्हणजे आयडीएचचा बदल असण्याची शक्यता बरीच. अशा वेळी सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचून बघणं, टाळू नका. बदल सापडला तर गाठीचं नाव ‘ॲस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट’ (आयडीएच बदललेला ग्लायोमाचा एक प्रकार). नाही सापडला तर एच३, टर्ट, ईजीएफआर ही जनुकं आणि सातव्या-दहाव्या गुणसूत्रांची जोडी तपासतात. सूक्ष्मदर्शकाखाली गरीब दिसणारी गाठही टर्ट, ईजीएफआर किंवा ही जोडी यांपैकी एकातला ठरावीक बदल सापडला तरी ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४ म्हणजे सगळ्यात आक्रमक, ठरते.

ब्लॉक मागताना ‘गाठ जास्त आणि मेलेला भाग कमी असलेला द्या’ असं सांगा. सगळे ब्लॉक एकदम पाठवू नका, एक तरी लॅबमध्ये राहू दे. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी तिथंच ताडून घ्या. नंबर जुळला नाही की मुंबईची खेप वाया. मेण साठेक अंशांना वितळतं, तेव्हा मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. सोबत स्लाइड, रिपोर्टची प्रत आणि एमआरआयची सीडी द्या.

प्रश्न : वहिनींच्या मेंदूच्या एमआरआयवर लिम्फोमाची (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची) शंका आहे. बायोप्सी चार दिवसांनी, तोवर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायचं नाही म्हणतात. का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : स्टेरॉइडनं लिम्फोमाच्या पेशी भराभर मरतात. गाठ आकसते, बायोप्सीत नुसता राडारोडा येतो आणि निदान लटकतं. मात्र उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी असेल तर चार दिवस वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. मेंदूतला दाब वाढला असेल तर आधी जीव, मग निदान. आणि स्टेरॉइड आधीच सुरू असेल तर ते आपल्या मनानं बंद करायचं नाही.