इंग्रजीतल्या 'पिपिन'चा नेमका अर्थ काय? कुठल्याही सफरचंदाला पिपिन म्हणता येतं का?

जुनी इंग्रजी गोष्ट मराठीत करताना तुम्हाला 'पिपिन' हा शब्द अडला, शब्दकोशात 'सफरचंदाची एक जात' एवढंच मिळालं आणि ते वाक्यात काही बसेना, असं तुम्ही लिहिलंय. बसणार नाहीच, कारण पिपिन ही एक जात नव्हे. बी रुजून आलेल्या झाडाचं, चवीला चांगलं निघालेलं आणि म्हणून राखलेलं सफरचंद म्हणजे पिपिन. हे बहुतेक वेळा नुसतं खायचं फळ असतं. शिजवून खायच्या सफरचंदांना इंग्रजीत कॉडलिन वगैरे वेगळी नावं आहेत.

शब्द फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ फळातली बी, आणि इंग्रजीतही तो आधी याच अर्थाने आला. सफरचंदाच्या बीला आज 'पिप' म्हणतात, ते पिपिनचंच तोडलेलं रूप. पुष्कळांना हे उलटं वाटतं. उत्तर इंग्लंडच्या बोलीत बीला पिपिन म्हणायची रीत आहे, त्यामुळे कुणी 'पिपिन थुंकला' असं वाक्य आलं तर तिथे सरळ 'बी' लिहा.

आता बीचं एवढं महत्त्व का? सफरचंदाच्या बहुतेक जातींचं फूल स्वतःचे परागकण स्वीकारत नाही, त्याला दुसऱ्या जातीचे लागतात. म्हणजे प्रत्येक बी संकरित. एका फळातल्या पाच बिया लावल्या तर पाच वेगळी झाडं येतात आणि बहुतेकांची फळं बारीक, आंबट, टाकाऊ निघतात. त्यातून एखादंच झाड नाव देण्याजोगं निघतं आणि तेवढ्यासाठीही सहा ते दहा वर्षं थांबावं लागतं. तसं झाड सापडलं की ते टिकवायला पुन्हा बी चालत नाही, कलमच बांधावं लागतं. आपल्याकडे रायवळ आणि कलमी आंब्यात फरक करतात, पण पिपिनला 'रायवळ' म्हणू नका. जन्म बीचा आणि पुढचा सगळा वंश कलमाचा, असा तो प्रकार आहे.

हे किती जुनं आहे ते शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा'च्या दुसऱ्या भागात दिसतं. शॅलो हा गावाकडचा न्यायाधीश पाहुण्यांना स्वतः कलम केलेलं, गेल्या वर्षीचं पिपिन खायला बोलावतो, सोबत ओव्याच्या जातीतल्या कॅरवेची डिश. त्या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत: पिपिन कलमाने वाढवत होते आणि ते वर्ष पालटेपर्यंत टिकत होतं. टिकाऊपणा हा या फळाचा मोठा गुण. त्या काळी न्यूयॉर्कजवळ असलेल्या न्यूटाउनचं न्यूटाउन पिपिन तर साठवणीत मुरून अधिक चविष्ट होतं.

यॉर्कशरमधलं रिब्स्टन पिपिन 18 व्या शतकाच्या सुरुवातीचं. निवृत्त मद्यउत्पादक रिचर्ड कॉक्स यांनी 1825 च्या सुमारास लंडनच्या पश्चिमेला कोलनब्रुक इथे बियांपासून काढलेलं कॉक्स ऑरेंज पिपिन सगळ्यांत प्रसिद्ध; ते रिब्स्टनच्याच बीचं असावं असं मानतात. पण एक लक्षात ठेवा, बीपासून आलेलं प्रत्येक सफरचंद नावाने पिपिन नसतं. ग्रॅनी स्मिथ आणि रेड डेलिशस ही दोन्ही आपसूक रुजलेल्या झाडांची फळं, तरी त्यांना कुणी पिपिन म्हणत नाही. आपल्या बाजारातल्या शिमल्याच्या सफरचंदाला तो शब्द लावलात तर इंग्रज वाचक गोंधळेल.

भारतातलं एक उदाहरण मात्र अर्थाने अगदी चपखल आहे. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी घरामागे टाकलेल्या बियांमधून रुजलेलं एक रोप वाढवलं, त्याचं कलम केलं आणि त्यातून उष्ण हवेत फळणारी एचआरएमएन-99 ही जात उभी राहिली. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातही ही जात लावून बघणारे शेतकरी आहेत.

शंभरेक वर्षांपूर्वीच्या बोलीभाषेत, विशेषतः अमेरिकेत, झकास माणसाला किंवा वस्तूलाही पिपिन म्हणत. संवादात 'शी इज अ पिपिन' असं दिसलं तर सफरचंद आणू नका. 'काय फक्कड पोरगी आहे' असं काहीतरी करा. आजच्या इंग्रजीत हा वापर जुनाट वाटतो, म्हणून मराठीही जरा जुन्या वळणाची ठेवली तर शोभेल.

तुमच्या गोष्टीत फळच असेल तर पहिल्यांदा 'पिपिन सफरचंद' लिहा, पुढे नुसतं 'पिपिन'. 'पिपिन जातीचं' लिहू नका. कॉक्स किंवा न्यूटाउनसारखं पूर्ण नाव आलं तर ते जसंच्या तसं ठेवा. आणि म्हातारा माळी आपल्या पिपिनचं कौतुक करत असेल, तर 'बीपासून वाढवलेलं' हे दोन शब्द त्याच्या तोंडी जरूर घाला, कारण त्याचा सगळा अभिमान तिथेच आहे.