मंजुरी येईपर्यंत वजनाचं काय करायचं?

ताई, वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची फाइल मंजुरीसाठी विमा कंपनीकडे गेली, आता आधी एक भीती काढून टाका. 'वजन उतरलं तर मंजुरी हुकेल' म्हणून काही जण मुद्दाम खात सुटतात. असलं काही करू नका. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) किमान ४० लागतो. अनियंत्रित टाइप २ मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) असं काही सोबत असेल तर ३५. शिवाय साध्या उपायांनी वजन उतरलेलं नाही, हेही दिसावं लागतं. म्हणून आजचं वजन-उंची डॉक्टरांच्या लेटरहेडवर तारखेसह घ्या, आहारतज्ज्ञांचे जुने कागद जपा. आकडा अगदी काठावर असेल तर सर्जनना सरळ विचारा.

सध्या एवढंच:
- उसाचा रस, शीतपेयं, चहातली साखर बंद.
- ताटात आधी अंडं, मासे, पनीर किंवा मटकीची उसळ. भात मागून.
- घास सावकाश चावा. ऑपरेशननंतर हेच करायचंय.
- ठाण्याच्या तलावपाळीला फेरी मारा, पण सकाळी. संध्याकाळी तिथे चालण्यापेक्षा चाट खाणंच जास्त होतं!

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. साखर एकदम खाली जाऊ शकते.

'आता शेवटचंच' म्हणत रोज मिसळ-वडापाव नको, आणि उपासमारही नको. ऑपरेशनआधीच्या पातळ आहाराची चौकशी इतक्यात करू नका, तारीख ठरली की हॉस्पिटलच तक्ता देईल.