शेत नाही म्हणून आगेरा खोटा होतो का?

"मुंबईत भाताचं एक रोप दिसत नाही, मग हा आगेरा म्हणजे हल्ली काढलेलं फॅड आहे का" असं विचारलंय म्हणून जरा लांबच लिहितो.

फॅड नाही हो. आगेरा म्हणजे मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा नव्या भाताचा सण. त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, पण माणसं इथलीच, साष्टीतले (म्हणजे आजच्या उपनगरांकडचे) कुणबी कोळी भंडारी, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले तरी नांगर काही सुटला नाही. त्यामुळे नवं भात आधी देवाला आणि मग ताटात ही रीतही राहिली, कोकणात नवान्न पौर्णिमेला दाराला नवं बांधतात ना तसंच, फक्त इथे ऑक्टोबरचा पहिला रविवार, फादर शेतात येऊन लोंब्यांना आशीर्वाद देणार आणि मग बँड लावून सगळी मिरवणूक चर्चमध्ये.

मोडलं ते जमिनीपायी. मरोळ-कोंडिविट्याकडचंच बघा, १९७३ ला सीप्झ, म्हणजे निर्यातीच्या कारखान्यांची वसाहत, आलं आणि गावचं १५७९ चं पडीक चर्च आज त्या कंपाउंडच्या आत आहे. शेतच गेलं तर मिरवणूक काढायची कुठून? मग मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) वेळी वेदीपुढे एक टोपली, झालं.

आता पोरं परत रस्त्यावर उतरलीत, बायका लुगडी नेसतात, घुमट वाजतं, मोबाई गावठाण पंचायतीसारखी मंडळी जुन्या चालीरीती धरून आहेत. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात हे खरं, पण अहो आपला गणपती पेणहून येतो म्हणून तो मुंबईचा नाही का? मला तर यात भक्तीइतकाच गावठाणाचा प्रश्न दिसतो. कागदावर कुणी तुमच्या गावाला झोपडपट्टी धरायला निघालं की वर्षातून एकदा अख्खं गाव लुगडं नेसून रस्त्यावर दिसणं कामाला येतं. खटकतं एवढंच की काही ठिकाणी सोरपोतेल (डुकराच्या मटणाचा झणझणीत प्रकार) आणि बाटली मसाल्याच्या स्टॉलवर गर्दी आणि लोंब्यांकडे कुणी बघतही नाही (फुगे, म्हणजे ते तळलेले गोल पाव, मीही खातो, ते सोडा).

बघायचंच असेल तर मार्वेहून फेरीने मनोरी किंवा बोरिवलीच्या बाजूने गोराई करा, तिकडे गाव अजून गावासारखं वाटतं. फक्त आधी तिथल्या चर्चमध्ये वेळ विचारून घ्या, मिस्सा सकाळी असली तर उशिरा जाऊन नुसतं जेवणच मिळेल.