एका डोळ्यासाठी काढलेली चित्रे

प्रश्न : मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, दोघीही आता साठीला आलेल्या, दिवाळीनंतर पट्टायाच्या सहलीत दृष्टिभ्रमाच्या चित्रांचे एक संग्रहालय पाहून आलो. जमिनीवरही चित्रे असल्यामुळे तिथे चपला बाहेर काढून ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक चित्रात आपणच शिरून फोटो काढून घ्यायचा असतो. लहानपणी विटी लागल्यापासून मैत्रिणीला उजव्या डोळ्याने दिसत नाही, त्यामुळे तिला इथे आणून आपण चूक तर केली नाही ना, असे मला आत शिरताना वाटत होते. घडले ते उलटेच. दरीवरच्या दोरखंडाच्या पुलाचे एक चित्र होते. तिथे दोर धरायला तिने हात पुढे केला आणि बोटे भिंतीला लागताच ती दचकून मागे सरली. मला मात्र रंगवलेली भिंतच दिसत होती. दरी दिसली ती नंतर मोबाइलवरच्या फोटोत. मला बरे वाटावे म्हणून तर ती दचकली नसेल, की माझ्याच डोळ्यांत काही दोष आहे? शिवाय तिथल्या फिरत्या बोगद्यात माझा तोल गेला आणि तिने मला सावरले, त्याचेही कारण कळेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपली मैत्रीण खरोखरच दचकली असणार, याविषयी मनात किंतु ठेवू नका. जे आपण लिहिले आहे त्यात आपल्या डोळ्यांचा दोषही दिसत नाही. उलट ते दोन्ही एकजुटीने काम करतात, म्हणूनच चित्राचे बिंग आपल्यासमोर फुटले.

प्रौढ माणसाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमध्ये सहा सेंटिमीटरांहून थोडे अधिक अंतर असते. त्यामुळे जवळची वस्तू प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू तिचे अंतर जोखतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दोन डोळ्यांना दोन वेगवेगळी रेखाचित्रे दाखवून हे सिद्ध केले. चित्रकाराने सावल्या, लहान होत जाणाऱ्या फळ्या आणि दूरवर एकत्र येणारे दोर कितीही कौशल्याने रंगवले, तरी आपले दोन डोळे मिळून ‘ही हाताच्या अंतरावरची भिंत आहे’ अशी साक्ष देत राहतात. मैत्रिणीच्या बाबतीत ही साक्ष द्यायला दुसरा डोळा नव्हता, म्हणून चित्रकाराचे म्हणणे तिच्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचले. मोबाइलच्या मागे दोन-तीन भिंगे असली, तरी फोटो एकाच जागेवरून दिसणारा उमटतो. म्हणूनच आपल्याला दरी दिसली ती त्यात.

ही चित्रकला मुळातच एका डोळ्यासाठी आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्की यांनी तिथल्या बाप्टिस्टरीचे, म्हणजे बाप्तिस्म्यासाठी बांधलेल्या इमारतीचे, चित्र एका फळीवर काढले, फळीला भोक पाडले आणि पाहणाऱ्याला मागच्या बाजूने एक डोळा त्या भोकाला लावून, समोर धरलेल्या आरशात ते चित्र पाहायला लावले. अशा संग्रहालयांत पुष्कळदा आढळणारी खोली, जिच्या एका कोपऱ्यात माणूस बुटका आणि दुसऱ्या कोपऱ्यात राक्षसासारखा दिसतो, ती अमेरिकेतले दृष्टिविज्ञानाचे अभ्यासक एडेलबर्ट एम्स यांच्या कल्पनेतून आली. तीही एका छिद्रातून, एकाच डोळ्याने पाहण्यासाठी योजलेली आहे. अपवाद आहे तो उंचीचा. रोमच्या सांत इग्नात्सिओ चर्चमध्ये चित्रकार आंद्रेआ पोत्सो यांनी १६८५ मध्ये सपाट कापडावर रंगवलेला घुमट दोन्ही डोळ्यांनी पाहिला तरी खरा वाटतो, कारण इतक्या उंचीवरच्या चित्रापुढे डोळ्यांमधले ते सहा सेंटिमीटर निष्प्रभ ठरतात. मात्र त्यासाठीही फरशीवर खूण केलेल्या जागीच उभे राहावे लागते. तिथून बाजूला सरकले की घुमट कलंडू लागतो.

मैत्रिणीलाही त्या पुलासमोर डोके डावी-उजवीकडे हलवले असते तर भिंत कळली असती. एका डोळ्याने पाहणारी माणसे रोजच्या व्यवहारात अशीच अंतरे ओळखतात, आणि जिथे डोके हलवून भागत नाही तिथे स्पर्शाची मदत घेतात. चहा ओतताना किटलीची चोच आधी कपाच्या कडेला टेकवून घेण्याची सवय आपण तिच्यात कदाचित पाहिली असेल. आपल्याला इतक्या वर्षांच्या सहवासात जे सहज वाटत आले, त्यामागे तिने लहान वयात केवढे शिकून घेतले आहे, हे या निमित्ताने तिच्याकडूनच ऐकावे.

बोगद्याचे कारण निराळे. तिथला पूल स्थिर असतो, फिरते ते भोवतालचे नळकांडे. पण नजरेचा सगळा परिसर एका दिशेने फिरू लागला की मेंदू आपणच कलंडतो आहोत असे समजून शरीर सावरायला जातो, आणि त्या सावरण्यानेच तोल जातो. कठडा धरून क्षणभर डोळे मिटले की पूल स्थिर असल्याचे पायांना कळते. आपल्या वयात कठडा सोडू नये, हे आग्रहाने सांगतो.

तिला जे दिसले ते आपल्याला बडोद्यातही बरेचसे पाहता येईल. सयाजीबागेतल्या संग्रहालयात एखाद्या युरोपीय निसर्गचित्रासमोर स्थिर उभे राहून एक डोळा मिटा आणि मुठीची नळी करून तिच्यातून, चौकट दिसणार नाही अशा बेताने, दुसऱ्या डोळ्याने पाहा. थोड्या वेळात झाडे पुढे येतील आणि वाट मागे जाईल. मग तांबेकर वाड्यात जा. तिथल्या भित्तिचित्रांतील श्रीकृष्णचरित्राचे प्रसंग कुठल्याही एका खुणेवर उभे राहून पाहायचे नाहीत, भिंतीलगत चालत पाहायचे आहेत, आणि मला तरी ते पाहणे अधिक प्रिय आहे.

पुन्हा कधी अशा संग्रहालयात जाल, तेव्हा फोटोसाठी कुठे उभे राहायचे हे मैत्रिणीला ठरवू द्या. आपल्याला ती जागा मोबाइलच्या पडद्यात शोधावी लागेल. तिला ती नुसत्या नजरेने सापडेल.