ई-४६ बीएमडब्ल्यूच्या (३ सिरीजची एक पिढी) डिक्कीतला नॅव्हिगेशनचा डीव्हीडी ड्राइव्ह डिस्क वाचत नाही. घरी दुरुस्त करता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की गाडी २००४ ची आहे, ब्रिटनमध्ये आहे, डिस्क आत असूनही पडदा ‘नॅव्हिगेशन डीव्हीडी घाला’ एवढंच सांगतो, आणि दुरुस्तीवाला अख्खा कॉम्प्युटर बदला म्हणतोय. मी एवढ्यात बदलणार नाही. नॅव्हिगेशनच्या या एमके-४ (चौथ्या पिढीच्या) कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड सहसा ठणठणीत असतो, थकतो तो डिस्क वाचणारा लेसर. शिवाय गाडीचं कोडिंग, म्हणजे त्या गाडीपुरत्या सेटिंग, बोर्डावर असतं. दुसऱ्या गाडीतला जुना कॉम्प्युटर आणला तर कोडिंग नव्याने करून घ्यावं लागतं, नुसता ड्राइव्ह बदलला तर लागत नाही.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी अर्धा तास चाचण्यांना द्या. मेनूमधला जीपीएसचा पडदा उघडा. उपग्रह आणि अक्षांश-रेखांश दिसत असतील तर बोर्ड आणि अँटेना ठीक, दोष ड्राइव्हमध्ये किंवा डिस्कमध्ये. मग ती डीव्हीडी घरच्या कॉम्प्युटरमध्ये घालून पूर्ण कॉपी करून पाहा. मध्येच अडकली तर डिस्कच खराब आहे, ड्राइव्हला हात लावू नका. मध्यापासून कडेकडे जाणारे ओरखडे ड्राइव्ह बऱ्यापैकी सोसतो, गोलाकार ओरखडे सोसत नाही. म्हणून डिस्क नेहमी मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी.

तिसरी चाचणी सगळ्यात बोलकी आहे. पिकअपमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या लेसर-लेन्सच्या भागात, दोन लेसर असतात, सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० चा. या कॉम्प्युटरची सॉफ्टवेअरची सीडी मिळाली तर घालून पाहा. सीडी ओळखली जाते पण डीव्हीडी नाही, तर मोटर, रिबन (पिकअपला बोर्डाशी जोडणारी चपटी केबल) आणि बोर्ड चालू आहेत, डीव्हीडीचा लेसर मेला आहे. दोन्ही वाचत नसतील तर लेन्सवर धूळ किंवा मोटरचा दोष असण्याची शक्यता जास्त. फक्त ओळख पटते का तेवढंच पाहा. अशक्त ड्राइव्हवर अपडेट सुरू केलं आणि ते अर्ध्यात तुटलं, तर चांगला बोर्डही हातचा जाईल.

दोष केव्हा येतो त्यावरूनही बरंच कळतं. गाडी गार असताना चालतो आणि तासाभराने बंद पडतो, तर लेसर थकलाय, कारण तापल्यावर डायोडला, म्हणजे लेसरचा प्रकाश देणाऱ्या भागाला, जास्त करंट लागतो. उलट थंडीत सकाळी चालत नाही आणि नंतर सुरू होतो, तर पिकअप ज्यांवर सरकतो त्या रेल आणि मळसूत्रावरचं ग्रीस घट्ट झालंय किंवा लेन्सवर दव धरतंय. फक्त खड्ड्यात अडखळतो, तर झटके झेलणाऱ्या रबरी बुचांमधलं सिलिकॉन तेल गळालंय. दोन थरांच्या, म्हणजे ८.५ जीबीच्या डिस्कचा परावर्तित प्रकाश १८ ते ३० टक्के असतो, एका थराच्या छापील डिस्कचा ४५ ते ८५ टक्के. म्हणून लेसर क्षीण होताना दोन थरांची डिस्क आधी वाचेनाशी होते. घरी लिहिलेल्या डिस्कवर चाचणी करून निष्कर्ष काढू नका.

आता उघडणं. या गाडीची बॅटरी डिक्कीत उजवीकडे असते. निगेटिव्ह टर्मिनल १० मिमीच्या पान्याने सोडवा आणि काम संपेपर्यंत डिक्की उघडीच ठेवा. डावीकडच्या पॅनेलमागे नॅव्हिगेशन कॉम्प्युटर चौकटीत बसवलेला असतो. डिस्क अडकलेली असेल तर चिमट्याने ओढू नका, कव्हर काढल्यावर रोलर हाताने फिरवून ती बाहेर येते. मागचे कनेक्टर खिटी दाबून काढा, जीपीएसच्या बारीक केबलला पीळ देऊ नका. पत्रा उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक स्प्रिंग काढण्यापूर्वी फोटो काढा. ड्राइव्हच्या तरंगत्या भागाच्या स्प्रिंगा ज्या खाचेत होत्या तिथेच परत जायला हव्यात. खाच चुकली तर सगळं नवीन घालूनही रस्त्यावर डिस्क उडत राहते.

आधी फक्त साफसफाई करून पाहा. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बड जेमतेम ओला करा, लेन्सवर मधून बाहेर एकदाच हलकेच फिरवा, दोन मिनिटं सुकू द्या. लेन्स प्लास्टिकची असते आणि केसासारख्या तारांवर टांगलेली असते. दाब दिला की तारा वाकतात, थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावलं की लेन्स कायमची पांढरी पडते. हवेचा डबाही नको, तो धूळ लेन्सच्या खाली ढकलतो. जुनं ग्रीस पुसून रेलवर आणि मळसूत्रावर प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं लावा. डिस्क आत ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत झाला असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका खरवडा आणि पुसून घ्या.

पिकअपवर एक बारीकसा फिरवायचा स्क्रू दिसेल. तो लेसरचा करंट ठरवतो. तो थोडा फिरवला की ड्राइव्ह दोन-चार आठवडे छान चालतो आणि मग डायोड जळून जातो. कोणी कितीही सांगितलं तरी फिरवू नका.

पिकअप बदलायचा ठरला तर नुसता पिकअप घेऊ नका, रेल आणि स्पिंडल मोटरसकट (डिस्क फिरवणारी मोटर) पूर्ण संच घ्या. डीव्हीडीत लेन्स आणि डिस्क यांच्यातला कोन फार काटेकोर लागतो. संचात तो कारखान्यात जुळवलेला असतो, घरी नुसत्या डोळ्यांनी जुळत नाही. मागवताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. जुना ड्राइव्ह उघडून पिकअपवरचा आणि मेकॅनिझमवरचा, दोन्ही नंबर वाचा आणि तेच जुळवा.

नवा लेसर गाडीत मरत नाही, तो हातात मरतो. लेसर डायोडला स्थिर विजेचा आपल्याला जाणवतही नाही एवढा झटका पुरतो, आणि ब्रिटनच्या हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी झालेली असते, गालिच्यावर चार पावलं चाललात तरी अंगात वीज साठते. १ मेगाओहमच्या रोधाचा मनगटी पट्टा लावा आणि त्याचं दुसरं टोक ड्राइव्हच्या पत्र्याला जोडा. नव्या पिकअपवर दोन बिंदू सोल्डरच्या थेंबाने जोडलेले असतात, ते डायोडचं संरक्षण आहे. आधी रिबन केबल बोर्डात घाला, तिची खिटी बंद करा, आणि मगच तो थेंब ३०० ते ३२० अंशांवरच्या, टोक अर्थ केलेल्या सोल्डरिंग आयर्नने दोन सेकंदांत काढा. आधी थेंब काढला आणि मग रिबन घातली, तर डायोड जाऊ शकतो. थेंब काढायचा राहिला तर डिस्क वाचली जात नाही आणि माल खराब आला असं वाटून लोक तो परत पाठवतात. जुना पिकअप चाचणीसाठी जपायचा असेल तर त्याची रिबन ओढण्याआधी तेच दोन बिंदू जोडून घ्या. रिबनची खिटी नखाने उचला, स्क्रू-ड्रायव्हरने ती तुटते आणि सुटी सहज मिळत नाही.

ड्राइव्ह उघडा असताना वीज देऊन लेन्समध्ये पाहू नका. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जवळपास दिसत नाही, पण इजा करतो.

पॅनेल लावण्यापूर्वी कनेक्टर जोडून नकाशाची डीव्हीडी घाला, वीस मिनिटं चालू ठेवा, मग खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारा. बॅटरी सुटल्यामुळे घड्याळ पुन्हा लावावं लागेल, आणि एका दाबात खाली-वर होणाऱ्या काचांची सेटिंगही पुन्हा करावी लागू शकते. जीपीएसला पहिल्यांदा उपग्रह सापडायला वेळ लागतो, तेव्हा गाडी झाडाखाली किंवा छपराखाली न ठेवता उघड्यावर पंधरा मिनिटं उभी करा. त्याआधी ड्राइव्ह नापास झाला असं धरू नका.