शुगर खाली गेली की भरपूर गोड खातो आणि तासाभरात ती २५० च्या वर जाते. असं का?

खाल्लेलं गोड रक्तात उतरायला १०-१५ मिनिटं लागतात. तोवर घाम, थरथर, वखवख चालूच असते, म्हणून माणूस खात सुटतो. त्यात यकृतही साठवलेली साखर सोडत असतं. दोन्ही मिळून आकडा उसळतो.

७० च्या खाली आली तर १५ ग्रॅम पुरते: ३-४ सपाट छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. मग हात आवरा. १५ मिनिटांनी तपासा. अजून ७० च्या खालीच असेल तरच पुन्हा तेवढीच घ्या. पेढा, चॉकलेट नको, तुपा-फॅटमुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज किंवा वोग्लिबोज (साखरेचं पचन लांबवणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या) चालू असेल तर साध्या साखरेवर विसंबू नका, ग्लुकोजच हवं.

खरी घातक चूक पुढची आहे: २५० बघून घाबरून जादा इन्सुलिन टोचणं. जेवणाआधीच्या जलद इन्सुलिनचा असर साधारण ४ तास राहतो. आधीच्या डोसवर दुसरा चढला की शुगर पुन्हा कोसळते, अनेकदा झोपेत. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडून मूळ डोसच तपासून घ्या. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.