सोसायटीच्या पार्किंगचं डांबर उखडलंय, वरून नवा थर टाकून चालेल का?

तुम्ही लिहिलंय की कंत्राटदार 'आहे त्यावरच एक थर मारून देतो' म्हणतोय आणि कमिटी तयार झाली आहे. मी रस्त्यांच्या साइटवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो: सही करायच्या आधी पार्किंगमध्ये पाणी सोडून बघा. तासाभराने जिथे डबकं राहील तिथे खडूने खूण करा. बहुतेक भेगा त्या खुणांच्या आसपासच सापडतील.

डांबर खराब होतं ते मुख्यतः पाण्याने. भेगेतून पाणी खाली मुरतं, खालचा मुरूम मऊ पडतो आणि वरून टँकर गेला की तो दबतो. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं. मग मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी दिसायला लागते. अशी जाळी असेल तिथे वरचा थर टाकणं म्हणजे पैसे वाया. तेवढा भाग चौकोनी कापा, चिखल झालेला मुरूम काढा, खडी भरून थराथराने रोलरने दाबा, मगच डांबर. सुट्या, सरळ भेगा असतील तर कॉम्प्रेसरने धूळ उडवून गरम डांबर भरलं तरी पुरतं. उतार मीटरला साधारण दोन सेंटीमीटर हवा, तोही गटाराकडे. नुसता थर चढवला तर चेंबरची झाकणं खाली जातात आणि पाणी लिफ्टकडे वळतं. त्यामुळे झाकणं उचलून घेण्याचं काम कोटेशनमध्ये लिहूनच घ्या.

आता पैशांचं. कोटेशनमध्ये 'दाबून ४० मिलिमीटर' असं लिहून घ्या, कारण सुटा माल (खडी-डांबराचं गरम मिश्रण) ५० मिलिमीटरच्या आसपास पसरला तर दाबल्यावर ४० उरतो. ५०० चौरस मीटरला या जाडीने साधारण ४७ टन माल लागतो. प्रत्येक डंपरची वजनकाट्याची पावती मागा आणि बेरीज करा. तीस टनच भरले तर जाडी कुठे गेली ते वेगळं विचारायला नको. मला विचाराल तर सगळ्या तपासण्यांत हीच सर्वांत सोपी आणि खात्रीची.

मालाचं तापमानही बघा. प्लांटमधून तो दीडशे अंशांच्या आसपास निघतो. ट्रॅफिकमध्ये अडकून गार झालेला माल रोलरखाली नीट बसत नाही, त्याची खडी पुढे सुटत राहते. असा डंपर परत पाठवायला कचरू नका. टॅक कोट, म्हणजे नवा थर खालच्या थराला चिकटावा म्हणून आधी मारायचं पातळ डांबर, फवारला की तो तपकिरी दिसतो. काळा झाल्याशिवाय माल पसरू देऊ नका.

काम नोव्हेंबरनंतर, जमीन वाळल्यावर करा आणि मे अर्ध्यावर यायच्या आत संपवा.

नंतरची निगा फार नाही. गटारं पावसाआधी साफ ठेवा, भेग दिसली की त्याच वर्षी भरा. गाड्यांचं तेल आणि डिझेल मात्र डांबर विरघळवतं, सांडलं की लगेच माती टाकून पुसून घ्या. दुचाकींच्या जागी मी डांबर घालणारच नाही, एप्रिलच्या उन्हात साइड स्टँड आत रुततात. तिथे पेव्हर ब्लॉक घाला, आणि टँकर जिथे उभा राहून वळतो तेवढ्या तुकड्याला काँक्रीट.